मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन

मैत्रिणीच्या लग्नाला तीन आठवडे झाल्यावर तिचा फोन आला, आणि ती म्हणाली, "नमस्कार मॅडम. आमच्या मोडेमचं सेटिंग राहिलंय. कधी येता?"

मला आधी वाटलं राँग नंबर. मग आवाज ओळखला आणि हसू दाबत विचारलं, "सासूबाई जवळ आहेत का?"

"हो मॅडम."

"गेम खेळायचाय?"

"हो हो, तेच मॅडम. लवकर झालं तर बरं होईल."

आमची ओळख औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमधली. कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला तो क्लास होता. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते, वडील म्हणाले, कॉम्प्युटरचं काहीतरी शीक. बाकीच्या मुली अकाउंटिंगच्या बॅचला जायच्या. मी हट्टानं हार्डवेअरची बॅच घेतली. पहिल्या दिवशी गेले तर वर्गात सगळी पोरं, आणि कोपऱ्यात एकच मुलगी, कुणीतरी हिसकावून घेईल अशा भीतीनं स्क्रूड्रायव्हर मुठीत धरून बसलेली. ती जवळच्या कन्नड गावची. वडील तिथं शाळेत मास्तर. इथं होस्टेलवर राहायची, शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जायची. त्या दिवशी मी तिच्या बाकावर जाऊन बसले, ती वर्षभर.

जेवणाच्या सुट्टीत पोरं खाली गेली की आम्ही दोन कॉम्प्युटर मागून केबलनं जोडायचो आणि खेळायचो. गेम सोपा होता. दोघींची दोन राज्यं, सुरुवातीला एकेक किल्ला आणि चार माणसं. त्यांच्याकडून लाकडं तोडून घ्यायची, दगड फोडून घ्यायचे, सैन्य उभं करायचं आणि समोरचीचा किल्ला पाडायचा. मला धीर नसायचा. दहा घोडेस्वार झाले की मी सुटलेच. ती आधी भिंत बांधायची. चारी बाजूंनी. मग भिंतीच्या आत शेतं, गोठे, बाजार, सगळं निगुतीनं मांडायची. माझे घोडेस्वार त्या भिंतीशी झुंजून मरायचे आणि मी चिडायचे.

"लढायचं सोडून संसार काय मांडायलीस?"

"आधी घर तर बांधू दे बाई. मग मार की," ती म्हणायची. आणि बहुतेक वेळा तीच जिंकायची.

तिचं लग्न ठरलं ते मला आवडलं नव्हतं, हे सांगून टाकते. मुलगा चांगला होता आणि तेच मला खुपलं. वाईट असता तर तिची कीव करता आली असती, ती माझ्याकडं येऊन रडली असती. तो हसरा, सिव्हिल इंजिनिअर, वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात. साखरपुड्याला मला म्हणाला, "तुमच्याबद्दल ती इतकं बोलते की मला तुमचाच हेवा वाटायला लागलाय." तिथं सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र मी जेवले नाही, आईला सांगितलं डोकं दुखतंय.

तर मोडेमचं सेटिंग करायला मी गेले. बीड बायपासकडं तेव्हा नुसते प्लॉट पडत होते. चुन्याच्या रेघा, दगडाच्या खुणा, मध्येच एखादा तयार बंगला. त्यांचा बंगला असाच, दुमजली, समोर तुळस आणि मागं बोअर. आमच्या सिडकोतल्या घरात त्या दिवसांत नळाला कधी चार दिवसांनी पाणी यायचं, कधी आठ. बाथरूममध्ये, जिन्याखाली, पलंगाखालीसुद्धा भरलेले हंडे. आणि इथं तिच्या बेसिनचा नळ फिरवला तर धार. मी हात धुतले, आणि पुन्हा एकदा धुतले.

सासूबाई बाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना सांगितलेलं होतं की ड्रॉइंग फोनवरून पाठवता येण्यासाठी हे यंत्र. ते खोटं नव्हतं. नवऱ्याला मात्र तिनं सगळं खरं सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, "खेळा की. दुपारी मी साइटवरच असतो."

कॉम्प्युटरचं झाकण उघडून आम्ही दोघी मोडेमचं कार्ड बसवायला बसलो. कार्ड बसलं, पण बोलेना. मोडेमला ए-टी असं लिहून पाठवलं की त्यानं ओके म्हणायचं असतं, हे आम्हाला क्लासमध्ये शिकवलं होतं. आमचं गप्प. अर्ध्या तासानं तिच्याच लक्षात आलं की माउस आणि मोडेम एकाच वाटेवर येऊन अडकलेत. मोडेमला दुसरी वाट करून दिली. मी पुन्हा ए-टी लिहिलं, खाली ओके उमटलं, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देऊन इतक्या जोरात ओरडलो की सासूबाई धावत आत आल्या.

"काय झालं? शॉक बसला का?"

"नाही आई, यंत्र बोललं," ती म्हणाली.

बेत असा होता. इंटरनेट वगैरे काही नको. माझ्या कॉम्प्युटरनं सरळ तिच्या घरचा नंबर फिरवायचा, तिच्या मोडेमनं तो उचलायचा, आणि मग त्या तारेवर आमची दोन राज्यं. तिसरं कुणीही मध्ये नाही. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन वाजता. त्या वेळी तिचे सासरे आणि सासूबाई झोपलेले असत.

पहिल्या मंगळवारी मी नंबर फिरवला तर माझ्या मोडेमच्या छोट्याशा स्पीकरमधून तिच्या सासऱ्यांचा आवाज, "हॅलो! हॅलो! अरे कोण शिट्ट्या मारायलंय?" मी घाबरून वायरच उपटली. शुक्रवारी तिनं हॉलमधल्या फोनची पिन हळूच काढून ठेवली. मग जमलं. आधी किर्रर्र, मग दोन शिट्ट्या एकमेकींत अडकल्यासारखा आवाज, मग खरखर, आणि एकदम शांतता. गेमच्या खाली बोलायला एक पट्टी असायची. तिथं इंग्रजी अक्षरांत उमटलं, "आलीस का गं?"

मी लिहिलं, "आले."

माझ्या आईला पटवणं त्याहून अवघड गेलं.

"मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते चार फोन उचलायचा नाही," मी सांगितलं.

"म्हंजे? आपलाच फोन आणि आपणच उचलायचा नाय?"

"उचललास तर लाइन तुटते."

"एवढं काय बोलता गं दोघी तासभर?"

बोलत नाही, लढतो, हे तिला मी सांगितलं नाही.

चार-पाच महिने ते चांगलं चाललं. माझा आठवडा त्या दोन दुपारींभोवती फिरायला लागला. सकाळी मी शिकवण्या घ्यायचे, पण त्या दोन दिवशी माझं लक्ष घड्याळात. खेळता खेळता ती सगळं लिहायची. सासूबाईंना भाजीत गूळ लागतो. नवरा पोळी हातात गुंडाळून खातो. कन्नडला वडिलांच्या शाळेत पोरं घरून पाण्याच्या बाटल्या आणायला लागलीत. मध्येच आमच्या गल्लीत आरडाओरडा व्हायचा आणि मी लिहायचे, "पाणी आलं, थांब." ती गेम थांबवून ठेवायची. मी हंडे भरून, ओल्या हातानं परत यायचे तर पट्टीवर लिहिलेलं असायचं, "झालं का? दमली असशील." एकदा तिनं लिहिलं, "आमच्या बोअरची बादली पाठवू का तारेतून?" गंमतच होती ती. पण माझ्या मनाला लागलं. त्या दिवशी मी तिचा किल्ला पाडला आणि मला लई बरं वाटलं.

मग एका शुक्रवारी मी नंबर फिरवला आणि एंगेज टोन आला.

तीन वाजता, सव्वातीनला, साडेतीनला. टूं, टूं, टूं. मला वाटलं सासऱ्यांचं काही काम निघालं असेल. मंगळवारी ती म्हणाली, "अगं, हो, त्या दिवशी जरा गडबड झाली." पुढच्या शुक्रवारी पुन्हा एंगेज. मी खुर्चीतून उठले नाही. दर पाच मिनिटांनी फिरवत राहिले. चार वाजून गेल्यावर आईनं येऊन विचारलं, "आता उचलायचा का फोन?" आणि मी तिच्यावर ओरडले.

त्यानंतरच्या मंगळवारी फोन लागला. खरखर झाली, शांत झालं, राज्यं समोर आली. पण पट्टीवर "आलीस का" आलं नाही. मी वाट पाहत लाकडं तोडत बसले आणि पाच मिनिटांत माझ्या किल्ल्यावर घोडेस्वार येऊन धडकले. मी चाट पडले. ती कधीच असं खेळायची नाही. ही तर माझीच चाल होती. मी लिहिलं, "काय गं, आज भिंत नाही?"

उत्तर आलं, "हाय ताई! मी वहिनीची नणंद. वहिनी कणिक मळतेय. तिनं मला शिकवलं. तुमच्यासारखं खेळायचं असेल तर आधी घोडे करायचे, असं सांगितलं."

ही नणंद बारावीला होती. लग्नात मी तिला पाहिलं होतं, दोन वेण्या आणि सतत बडबड. तिनं पुढं लिहिलं, "आम्ही दोघी मिळून माझ्या मैत्रिणीशी पण खेळतो शुक्रवारी. वहिनी भिंत बांधते, मी लढते. अजून एकदा पण हरलो नाही!"

आजही ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. वहिनी भिंत बांधते, मी लढते. आम्ही दोघी नेहमी समोरासमोर खेळलो. एका बाजूनं खेळायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. आणि माझी चाल, जिची ती वर्षभर चेष्टा करत आली, ती तिनं या पोरीला धड्यासारखी शिकवली होती.

मी वायर काढली. थोड्या वेळानं फोन वाजला, तिचाच असणार. मी आईला म्हटलं, "नको उचलूस."

रात्र त्यातच गेली, पण सकाळपर्यंत माझ्या मनात सगळं नीट लागलं होतं. मी स्वतःला सांगितलं की मुलगी बारावीला आहे, तिच्या अभ्यासाचं नुकसान होतंय, मोठ्यांना कळायला पाहिजे. इतकं पटलं मला ते. दहा वाजता मी फोन केला, आणि मला पाहिजे होतं तसंच झालं, सासूबाईंनी उचलला.

"काकू, तुमचा फोन दुपारचा लागत नाही," मी म्हणाले.

"अहो मॅडम, तेच तर! प्लॉटवाली माणसं तक्रार करतात. बिघाड आहे का काही?"

"बिघाड नाही काकू. दोघी त्या वेळी गेम खेळतात. हॉलमधली पिन काढून ठेवतात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मग त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मी माझं नाव त्यात येऊ देऊ नका असंही म्हटलं नाही. मला ते सुचलंच नाही.

गुरुवारी तिचा फोन आला, एका एसटीडी बूथवरून. मागून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"कुणीतरी आईंना सांगितलं गं. घरात नुसता गोंधळ. पोरीला इतकं बोलल्या, कालपासून ती जेवली नाय. मला म्हणाल्या, माझी पोर बिघडवायला आलीस का." ती रडत होती. "कोण असेल गं? तिच्या मैत्रिणीची आई असेल का?"

"असेल," मी म्हणाले. "कोण जाणे."

इतके दिवस मला वाटायचं, तिनं माझ्याकडं येऊन रडावं. ती रडत होती, आणि ती फोन कधी ठेवते याची मी वाट पाहत होते.

शनिवारी सासूबाईंचा फोन. "मॅडम, ते यंत्र तेवढं काढून न्या बाई. तुम्हीच बसवलंत, तुम्हीच काढा." मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर संशय येईल, असं वाटलं. मी गेले.

बंगल्यासमोर पाण्याचा टँकर उभा होता. त्यांच्या बोअरचं पाणी गेलं होतं, आठवडा झाला म्हणे. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. पाइपातून पाणी हौदात पडत होतं आणि ती पदर खोचून बाजूला सांडलेलं पाणी बादलीत गोळा करत होती. मला पाहून तिनं हात पुसले आणि आत आली. नणंद दारातून एकदा डोकावली, सुजलेले डोळे, आणि निघून गेली.

मी झाकण उघडलं. ती शेजारी बसली, नेहमीसारखी, स्क्रू हातात घ्यायला. मी एक स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवला. इतक्यात सासूबाई चहा घेऊन आल्या.

"तुमचे उपकार बाई मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोन करून सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलं असतं?"

तिचा हात तसाच राहिला, स्क्रू तळहातावर. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कॉम्प्युटरच्या आत पाहत होते, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. कार्ड ओढलं तर निघेना. तिनंच पुढं होऊन एका बाजूनं उचललं आणि काढून माझ्या हातात दिलं. मग स्क्रू बसवला, झाकण लावलं.

फाटकापर्यंत ती सोडायला आली. टँकरवाला पाइप गुंडाळत होता.

"का गं?" तिनं विचारलं.

"तू तिला शिकवलंस."

"मग कुणाला शिकवू? या घरात मला बोलायला दुसरं कोण व्हतं?" रागात तिची गावाकडची बोली वर यायची. "नवरा सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. मंगळवारी-शुक्रवारी तास-तासभर तू. बाकीचा आठवडा मी काय करायचं? ती एकटी पोर माझ्या बाजूनं होती."

"मला सांगायचंस ना."

"तुला सांगायचं म्हणून तर तिला बसवलं त्या दिवशी. तुला आवडेल असं वाटलं व्हतं मला. म्हटलं, आता आपण तिघी."

मी माफी मागितली नाही. मागायला पाहिजे होती. मी म्हणाले, "रिक्षा मिळत नाही नंतर," आणि निघाले. मोडेम माझ्या पर्समध्ये होतं आणि चालताना ते मांडीला टोचत होतं.

मग चार वर्षं आम्ही बोललो नाही. तिला मुलगी झाली ते मला क्लासच्या सरांकडून कळलं. नणंद बारावी चांगल्या मार्कांनी पास होऊन इथंच इंजिनिअरिंगला गेली, तेही त्यांच्याकडूनच. माझं लग्न झालं. पत्रिका पाठवली होती. ती आली नाही. तिच्या नवऱ्याच्या हातून साडी आली, फिकट जांभळी. मला तोच रंग आवडतो हे तिला माहीत होतं.

पाऊसपाणी सावरलं, बायपासकडचे प्लॉट घरांनी भरले. त्या रस्त्याला एका इमारतीत वरच्या मजल्यावर एक दुकान निघालं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. पाटीवर दोघींची नावं आणि एकच आडनाव, तिचं सासरचं, नणंदेचं माहेरचं. मी रिक्षातून जाताना ती पाटी पाहिली आणि मला चक्क असूया वाटली, तीच जुनी. इतकी वर्षं झाली, माझं घर होतं, कॉलेजात नोकरी होती, तरी मला वाटलं, ते दुकान माझं होतं. तिथं मी पाहिजे होते.

दोन महिने मी त्या रस्त्यानं जाणं टाळलं. मग एक दिवस सरळ जिना चढले. हातात काही नव्हतं, बिघडलेलं असं काही घेऊनसुद्धा गेले नव्हते. नणंद काउंटरवर होती. वेण्या जाऊन केस कापलेले. तिनं मला ओळखलं आणि म्हणाली, "या ताई." मग आत हाक मारली, "वहिनी."

ती बाहेर आली. बोटं काळी झालेली. मी उभ्या उभ्या म्हणाले, "मी तेव्हा वाईट वागले. तुमच्या दोघींशीही. आणि बूथवरून तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

नणंद एकदम उठली, "एक डिलिव्हरी आहे," म्हणून जिना उतरून गेली. तिचा चांगुलपणा होता तो.

"राग गेला कधीच," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर होता. मग पोरगी झाली, दुकानाचं सुरू झालं, रागाला वेळ कुठंय." तिनं माझ्यासाठी स्टूल पुढं केलं. "पण खरं सांगू का? तुला सगळं सांगावं असं आता वाटत नाय मला. ती सवय गेली."

"कळतंय मला," मी म्हणाले. कळत होतं, पण ऐकवत नव्हतं.

मी जात राहिले. महिन्यातून एखादी चक्कर. कॉलेजातल्या लॅबचं काम त्यांना मिळवून दिलं, ते त्यांनी चोख केलं. आम्ही बोलतो, हसतो, तिची मुलगी मला मावशी म्हणते. मैत्रिणीच्या, कन्नडच्या वडिलांचं ऑपरेशन झालं ते मात्र मला आठ दिवसांनी कळलं. तेव्हा नणंद त्यांच्याबरोबर दवाखान्यात राहिली होती. मी म्हणाले, मला का नाही कळवलंस. ती म्हणाली, "अगं, धावपळीत राहून गेलं." ते खरंच असणार.

मागच्या महिन्यात मी दुकानातून निघाले, चप्पल घालत होते. आत नणंद काहीतरी पुटपुटली आणि दोघी खळखळून हसल्या. माझ्यावर नव्हे, ते मला माहीत होतं. कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं काही असेल. मी जिन्यात थांबले. परत आत जाऊन "कशावर हसताय गं?" म्हणून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. एक पायरी मी वर चढलेसुद्धा. मग खाली उतरले आणि रिक्षाला हात केला.